एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे एक

डावीकडे एकशे अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर,
उजवीकडे दोनशे एक.
तीनदा मोजलं. टेप बदलून मोजलं.
शोघिक म्हणाली, टेपचा काय दोष?
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात अख्खं ग्युमरी हललं,
तेव्हा आपली चौकट उभी राहिली हेच खूप,
आता ती सरळही हवी का तुला?

दार मी मागच्या महिन्यात उतरवलं.
तिची खुर्ची त्रेसष्ट, दारातली वाट बासष्ट.
त्या एका सेंटिमीटरपायी चार महिने
ती स्वयंपाकघराच्या बाहेर बसून
मीठ किती घालायचं ते ओरडून सांगायची.
आठ स्क्रू. आठवा फिरेना,
त्याला घासलेट पाजलं.
दार आता बाल्कनीत भिंतीला टेकून उभं आहे,
कुठेच न उघडणारं.

वाट झाली, पण स्टोव्हची ऊब पॅसेजमध्ये पळून जायला लागली.
म्हणून पडदा.

कापड तिनेच काढून दिलं. राखाडी लोकर, तीन मीटर,
आजारपणाच्या आदल्या वर्षी कोटासाठी आणलेली.
मी म्हटलं, याचा कोटच होऊ दे.
ती म्हणाली, वार्तेवान, काप.
कात्री घेतली, खाली ठेवली,
चहा केला, प्यालो नाही,
मग कापलं.
लोकर कापताना फार आवाज होत नाही.
लांब कुठे मेंढी गवत तोडते, तेवढाच.

चाळीस वर्षं मी मोज्यांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली,
हजारो सुया बदलल्या,
त्यांत दोरा ओवायचं काम कधी माझं नव्हतं.
शोघिक चष्म्याशिवाय ओवते,
मी चष्मा लावून बोट टोचून घेतो.
तिचं अंगुस्तान माझ्या बोटाच्या टोकावर
लहान मुलाच्या टोपीसारखं बसतं.

पहिल्यांदा सरळ शिवला, काटकोनात.
टांगला, तर प्यायलेला दिसला.
उसवला.
डावीकडे तीन सेंटिमीटर जास्त दुमडून
तिरका शिवला, तेव्हा कुठे सरळ दिसला.

दुसरी चूक, जमिनीला टेकेल इतका लांब ठेवला.
चाकात कापड गेलं, दांडी निसटली,
शोघिक सगळी पडद्याखाली.
आतून आवाज येईना.
मग तो राखाडी ढीग हलायला लागला.
ती हसत होती.
म्हणाली, ढिगाऱ्याखालून हसणारी
या गावात मी पहिलीच असेन.
असं तीच बोलू शकते. मी नाही बोलत.

वीतभर वर घेतला.
तरी वाऱ्याने फुगायचा, वजन हवं होतं.
फळीवर जुन्या कोपेकची बरणी होती.
एके काळी त्यात महिनाभराचा पाव आला असता,
आता वजन तेवढं शिल्लक आहे.
सतरा नाणी दुमडीत घातली,
प्रत्येकाच्या दोन्ही अंगांना टीप मारली.

पडद्याची अडचण एकच: तो आपटता येत नाही.
काल ती म्हणाली, ते दार गेघामला देऊन टाक,
त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला होईल.
मी म्हटलं, राहू दे, लागेल.
कधी लागेल, तिने विचारलं.
मी कांदा चिरत राहिलो.
कधी लागेल, वार्तेवान?

खुर्ची वळली. पडदा उडाला,
सतरा नाणी चौकटीवर एकामागोमाग वाजली,
मग पडदा परत आला
आणि हलायचा थांबला.
त्याच्याखाली, वीतभर उजेडात,
दोन चाकं. पुढे न गेलेली.

मी गॅस बारीक केला.
मीठ किती घालू, म्हणून विचारलं,
मला ठाऊक असून.